पहिल्यांदाच पडले

क्लोके, ९ जानेवारी

चि. रेनाटास लोरेटा आत्याचे अनेक आशीर्वाद.

तुझं चिडलेलं पत्र पोचलं. कॉलेज संपवून डॉक्टरांमागे कॉम्प्युटरचा गाडा ढकलायचा, ते सांगतील ते टिपायचं, पेशंटशी बोलायचं नाही. तिथली सगळी लेखनिक पोरं तुझ्यासारखीच मेडिकल प्रवेशासाठी ताटकळलेली, हे वाचून हसू आलं. आमच्या कॉन्व्हेंटमधल्या सिस्टर अलॉयशिया म्हणायच्या, गप्प बसता येणं हा अर्धा अभ्यास. तू तर चर्चमध्ये भर मिस्सेतही बडबडायचीस.

एक सांगते, पण माझ्या गॅरीला कळवू नकोस. मागच्या पायरीवर पुन्हा पडले. नाताळानंतरची ही दुसरी वेळ. डोळ्यांपुढे क्षणभर अंधार आला, इतकंच. मुलगा चांगला आहे, पण कळलं तर घर विकून मला वृद्धाश्रमात ठेवील.

खसखशीचा रोल पाठवलाय. मैत्रिणींनाही दे.

तुझी वाट पाहणारी,
आत्या

डुलुथ, ३० जानेवारी

ती. आत्यास रेनाटाचा सा. न.

मनगट कसं आहे? मी अजून रागावलेलीच आहे.

परवा तुला आमच्याच इमर्जन्सीत आणलं. ही माझी आत्या आहे, असं मी डॉ. लिंडक्विस्टना सांगितलं, पण दुसरं कोणी लेखनिक नव्हतं, म्हणून ते म्हणाले की थांब. त्यांनी तुला विचारलं, आधी कधी पडला होतात का. तू माझ्याकडे न बघता म्हणालीस की पहिल्यांदाच, बर्फावरून पाय घसरला. डोळ्यांपुढच्या अंधाराचं नावही काढलं नाहीस. आणि मी तेच टाइप केलं. हाताला प्लास्टर घालून तुला घरी पाठवलं.

मला डॉक्टर व्हायचंय, आत्या, आणि वर्षभर मी गप्प राहायलाच शिकतेय. गॅरीला कळू न देण्याचा तुला दिलेला शब्द मोडवत नाही, पाळवतही नाही. रविवारपर्यंत तू डॉक्टरांना फोन करून खरं सांगितलं नाहीस तर सोमवारी मी सांगेन. मग बोलू नकोस माझ्याशी.

तरीही तुझीच,
रेनाटा

क्लोके, ५ फेब्रुवारी

चि. रेनाटास आशीर्वाद.

शनिवारीच फोन केला. तुझं पत्र त्यानंतर आलं, तेव्हा उगाच ऐट करू नकोस. त्या दिवशी 'पहिल्यांदाच' म्हणाले आणि तुझी बोटं थांबली. डॉक्टरांच्या लक्षात आलं नाही, माझ्या आलं. घरी आल्यावर तीच डोळ्यांसमोर येत राहिली.

त्यांनी बोलावून तपासलं. हृदय मध्येच ठोका चुकवतं म्हणे. गुरुवारी लहानसं यंत्र बसवणार आहेत. गॅरीलाही सांगितलं. तासभर ओरडला, मग येऊन पायऱ्यांना कठडा बसवून गेला. घराचं पुढे काय, ते अजून बोललेला नाही.

गुरुवारी रजा काढ. गाडा न घेता ये, माझ्या उशाशी खुर्ची ओढून बस. आणि डॉक्टरांपुढे मी काही लपवायला लागले, तर मध्येच बोल.

तुझी,
आत्या