सहादूचं नाव

इगतपुरी, ९ जानेवारी १९७९

चि. मंगळू यास मामाचे अ. आ.

पत्र मिळालं. चार पानं लिहिलीस, त्यात कामाचं एकच, सातपूरच्या कारखान्यात फिटरची भरती हाय. बाकी रडगाणं कशाला? तुझ्या आईचा, कुसाचा खोकला मलाबी ठाऊक हाय. ती बिड्या वळायची थांबंल तवाच तो थांबंल, आन् तू कामाला लागल्याबिगर ती थांबायची नाय.

तू म्हणतो, माझा हात बोलंल. येड्या, हाताला तोंड नसतं. मी रेल्वेत लागलो तवा मला फावडंबी नीट धरता येत नव्हतं. मेव्हण्यानं मुकादमाला सांगितलं, आपला माणूस हाय. झालं. त्याच्यावर जन्म काढला.

आपल्या गावचा सहादू त्याच कारखान्यात हाय. पोरसवदा होता तवा माझ्याच घरी जेवायचा. त्याला हुडकत बसू नको, सायबापुढं सरळ नाव घे. नवरीवानी लाजू नको.

कुसाला म्हणावं, उन्हात बस.

तुझा मामा
खंडेराव

नाशिक, २ फेब्रुवारी १९७९

ती. मामांस मंगळूचा शि. सा. न. वि. वि.

परीक्षा झाली. लोखंडाचा तुकडा कानशीने घासून चौकोनी करायचा होता. साहेबांनी काटकोन तपासायचा गुण्या लावून तो उजेडाकडे धरला. फट दिसली नाही. म्हणाले, असा हात बऱ्याच दिवसांनी बघितला. मग विचारलं, कोणाचा तू? मी तुम्ही सांगितलं तसं सांगितलं, सहादूकाकांचा.

त्यांनी तुकडा खाली ठेवला आणि पुढच्याला बोलावलं. फाटकावर वॉचमन म्हणाला, सहादूने दिवाळीत संप केला, त्याला काढून टाकलंय, त्याचं नाव कशाला घेतलंस? माझ्यामागच्याचा तुकडा तिरपा होता. तो साहेबांच्या सासुरवाडीचा. सोमवारी कामावर लागला.

शेजारच्या कारखान्यातही जाऊन आलो. तिथे माझ्याआधी बातमी पोचली होती, सहादूचा माणूस म्हणून.

आईला सांगितलंय, निकाल यायचाय. तुमच्यावर राग नाही. लोभ आहे तसाच राहू द्या.

मंगळू

इगतपुरी, ८ फेब्रुवारी १९७९

चि. मंगळू यास अ. आ.

सहादू काल इथं आला होता. रेल्वेत तुमच्या वळखीचं कोणी हाय का, इचारत होता. माझ्या वळखीतले निम्मे मेले, बाकीचे पेन्शनीत. त्याला जेवू घातलं. तुझं सांगितलं नाय.

कुसाला खरं सांग. तिला मी इकडं घेऊन येतो. बिड्या इथंबी वळंल, ती ऐकायची नाय.

तू नाशिक सोड, पुण्याकडं जा. तिथं कोणी इचारलं, कोणाचा, तर कोणाचाच नाय म्हण. माझंबी नाव घेऊ नको. मामा मेला म्हण.

लोभ हाय. तो कुणाला दाखवू नको.

खंडेराव