तीन बोटांएवढं तोंड

२ सप्टेंबर, सोमवार
अडकला! भर लिलावात जबडा अडकला. कोकरांची बोली चढत होती, मी मेंढवाड्यांवर टाकलेल्या फळीवरून पुकारत होतो, आणि कानापुढे खट्कन वाजलं. त्यानंतर तोंड एका बोटापलीकडे उघडेना. खालून बार्नी खाटीक म्हणतो, "काय रे डग, भाव ऐकून तुझीच वाचा बसली?" सगळे हसले. मीही हसलो असतो, पण त्यालाही तोंड उघडावं लागतं.
उरलेली कोकरं टॅम्झिननं पुकारली — आमच्या मुलीनं.

३ सप्टेंबर
जबड्याची ती खट्खट वर्षभर ऐकतोय. गल्लीच्या टोकाला कुणाची गाडी आली ते इंजिनावरून सांगणारा मी — स्वतःच्या कानापुढचंच कानाआड केलं. पंधराव्या वर्षी याच यार्डात लेंड्या झाडायला लागलो, तोंडाच्या जोरावर फळीवर चढलो. तोंडच गेलं तर उरलं काय?
नोरीन बायकोच्या हक्कानं म्हणाली, डॉक्टरकडे जा आणि फळी पोरीला दे, किती दिवस मागतेय ती. मी दातांतून पुटपुटलो, पोरीच्या आवाजाला बोली चढत नाही. नोरीननं पातेलं जरा जोरात आपटलं.

५ सप्टेंबर
दातांच्या डॉक्टर लिएन वू. उजवीकडची खालची अक्कलदाढ आडवी, हिरडी सुजलेली. ती दुखू नये म्हणून मी कायम डावीकडेच चावत आलो, त्यात सांधा दमला, असं तिचं म्हणणं. "दाढ काढू. पण तेवढ्यानं सांधा सुधारेलच, असं मी म्हणणार नाही. एकावर एक तीन बोटं तोंडात मावली, की जमलं समजा."
आणि नाही मावली तर? "तर पुन्हा बघू."
असल्या गुळमुळीत बोलीवर मी कोकरू विकत नाही. पण बाई खोटं बोलत नव्हती. ते कानाला कळतं.

६ सप्टेंबर
दाढ गेली. सूप.

९ सप्टेंबर, सोमवार
यार्डात गेलो, ओठ मिटून. फळीवर टॅम्झिन, मी खाली गिऱ्हाइकांत — कित्येक वर्षांनी! पोरगी माझ्यासारखी ओरडत नाही. खालच्या पट्टीत, भरभर बोलते आणि सौदा ठोकण्याआधी अर्धा श्वास थांबते. त्या अर्ध्या श्वासात बार्नीचं बोट वर गेलं. पुन्हा गेलं. माझ्यापुढे तो इतका कधी चढला नव्हता.
मी मागेच आहे हे त्याला ठाऊक नव्हतं. शेजाऱ्याला म्हणाला, "डग नुसता अंगावर येतो, आपण नाही म्हणून मोकळे. ही थांबते रे. महागात पडणार पोरगी."
 

१५ सप्टेंबर
दोन बोटं. खट् नाही. चॉप खाल्ला — बारीक तुकडे, दोन्हीकडे चावून. इतकं सुख मटणात असतं हे विसरलो होतो.

२२ सप्टेंबर, रविवार
तीन! न्हाणीघरात, दार लावून, आरशापुढे. आरामात मावली. पुन्हा घालून पाहिली.
जेवताना टॅम्झिननं विचारलं, "किती बोटं झाली, बाबा? उद्या तुम्ही पुकारणार ना?"
मी दोनच दाखवली.