करड्या कोटातला माणूस

८ फेब्रुवारी, सकाळी ७
अकरा वर्षं झाली कॉलेजच्या बास्केटबॉल टीमचा सहायक कोच म्हणून. यंदा मुख्य कोच होणारच, इथे नाहीतर दुसऱ्या कॉलेजात. संकल्प: कुणावरही विश्वास ठेवायचा नाही. आमचे मुख्य कोच लिंडक्विस्ट, त्यांच्यावरसुद्धा. हल्ली फोन आला की बाहेर बर्फात जाऊन बोलतात. उणे बारा असताना!

११ फेब्रुवारी
कालची मॅच दोन पॉइंटांनी गेली. कुठली चाल खेळायची याच्या खुणा बाकावरून मी करतो. डोक्यावर मूठ म्हणजे उजवीकडून, कान धरला की डावीकडून. समोरच्यांना सगळं आधीच ठाऊक! कुणीतरी फितूर आहे. संशय ट्रेंटवर. नवा धाकटा सहायक. सगळ्यांशी गोड बोलतो. इतकं गोड कुणी उगाच बोलत नाही. कोचना सांगितलं. म्हणाले, व्हर्न, सहा वर्षं त्याच खुणा करतोयस, आता आपल्या आयोवातल्या गाईसुद्धा ओळखतात. हसण्यावारी नेलं. म्हणजे तेही सामील?

१२ फेब्रुवारी
सगळ्या खुणा बदलल्या. रोज बदलणार. मार्लीनलाही सांगायचं नाही. तिने विचारलंही नाही. बायको असून? विचित्रच.

१५ फेब्रुवारी
सरावाला वरच्या रांगेत करड्या कोटातला माणूस. एकटा. वहीत काहीतरी लिहीत होता, तेही माझ्याकडे बघून. हेर! मुद्दाम उलटसुलट खुणा केल्या. आमचे दोघे एकमेकांवर आदळले. एकाच्या ओठाला दोन टाके. इलाज नव्हता.

१७ फेब्रुवारी
मॅचला हेर पुन्हा हजर. थेट पहिल्या रांगेत, हॉट डॉग खात. मध्यंतरात विचारलं, कुठल्या कॉलेजचे तुम्ही? हसून म्हणाला, ते नंतर बोलू, आधी तुमचं काम तर बघू द्या. कबुलीच की! सुरक्षारक्षकाकडून बाहेर काढला. ट्रेंट त्याच्यामागे कॉफी घेऊन धावला. दोघं दारात बोलत उभे. आणखी काय पुरावा हवा?
एकोणीस पॉइंटांनी हरलो. नव्या खुणा समोरच्यांना अजिबात कळल्या नाहीत. आमच्यांनाही नाही. पण गुपित टिकलं.

२० फेब्रुवारी
कोचनी बोलावून दार लावून घेतलं. नेब्रास्कातल्या एका कॉलेजला मुख्य कोच हवा होता. तिथला क्रीडा संचालक दोनदा चार-चार तास गाडी हाकत आला. न सांगता बघायचं होतं म्हणे. कुणाला बघायला, मी विचारलं. तुला रे बाबा, म्हणाले. महिनाभर बर्फात उभं राहून तुझंच गुणगान गातोय मी.
त्यांनी ट्रेंटला घेतलं. एप्रिलपासून.
वाईट वाटलं. फार. दुपारभर पार्किंगमध्ये गाडीत बसून होतो. ट्रेंटने काचेवर टकटक केली. म्हणाला, तुमच्या जुन्या खुणा तिकडे वापरल्या तर चालतील का? पोरांना पटकन कळतात.
हो म्हणालो.
आता घरी बसून विचार करतोय. त्याला त्या इतक्या पाठ कशा?