करकोच्याची साक्ष

बाई, तुमच्या नाल्यावर काळा करकोचा आलेला. तुम्ही जन्मभर ज्याची वाट पाहिलीत आणि जो तुम्हाला एकदाही दिसला नाही, तोच. लाल चोच, लाल पाय, पोट पांढरं, आणि ऊन पडलं की बाकीच्या काळ्या अंगावर हिरवी-जांभळी झाक. थंडीत उत्तरेकडून येणारा, आपल्या बाजूला क्वचितच कुणाच्या नशिबी असणारा. आणि उतरला कुठे, तर मानपाड्याच्या कारखान्यांचं पाणी घेऊन नाला खाडीकडे वळतो तिथे. ज्या नाल्याविरुद्ध पहिला तक्रारअर्ज तुम्ही केलात आणि ज्याच्या वासात तुमचा शेवटचा श्वास गेला, तो नाला. तुमच्या मृत्यूच्या दाखल्यावर दमा असं लिहिलंय. दमा हा आभाळातून पडतो, असं तेव्हा सगळ्यांनी मिळून मान्य केलं.

हल्ली पक्षी बघायला जाण्याआधी ग्रुप करावा लागतो. आमच्या ग्रुपमध्ये ठाण्यापासून कल्याणपर्यंतची सुशिक्षित माणसं आहेत, सकाळी एकमेकांना पोपटाचा फोटो पाठवून सुप्रभात म्हणणारी. त्यातल्या एकाने सकाळी करकोच्याचा फोटो टाकला, खाली नकाशावरची खूण. दुपारपर्यंत नाल्याच्या काठाला लग्नाच्या हॉलबाहेर लागतात तशा गाड्या लागल्या. बाळकुमचे एक गृहस्थ तोफेएवढी लेन्स घेऊन आलेले. सगळ्यांनी नाकाला रुमाल बांधलेले, आणि रुमालाआडून फोटोखाली लिहीत होते, ‘निसर्ग परत येतोय’. मीही गेलेले. दुर्बीण डोळ्याला लावते तोच मागून आवाज आला, "काकू, जरा सरका ना, फ्रेममध्ये येताय." सरकले. नाल्यावर मी तुमच्या मागे यायला लागले तेव्हा या फ्रेमवाल्याचा जन्मही झालेला नसेल, पण करकोच्यापुढे ज्येष्ठता चालत नाही.

आठवीत असताना रविवारी तुम्ही आम्हा सहा मुलींना खाडीवर न्यायचात. मला एकदा तारेवर निळं काहीतरी दिसतं आणि मी ओरडते, "बाई, खंड्या!" तुम्ही वळूनसुद्धा बघत नाही. "अगं, बारसं आहे का त्याचं, नाव ठेवायची एवढी घाई? आधी तो काय करतोय ते सांग. बघतोय कुठे, खातोय काय." मला सांगता येत नाही. बाकीच्या मुली डबे उघडून बसतात आणि मी तारेकडे तोंड करून उभी, खंड्या खाली सूर मारीपर्यंत. "नाव पुस्तकात मिळतं," तुम्ही म्हणता, "तो इथेच का बसलाय, ते पुस्तकात नसतं." त्या दिवशी मला तुमचा भयंकर राग आलेला. परतताना आम्ही सगळ्या तुमच्या घरी गेलो. तुमच्या स्वयंपाकघराची खिडकी कडेनं कागदाच्या पट्ट्या चिकटवून बंद केलेली होती, आणि तुम्ही प्रत्येक कपावर बशी झाकून चहा दिलात. मी विचारलं, "माश्या बसू नयेत म्हणून का?" तुम्ही म्हणालात, "नाही गं, चहाला नाल्याचा वास लागतो." आणि मग खोकत बसलात. आम्ही हसलो. चहाला वास लागतो, हे आम्हाला विनोदी वाटलं.

तर करकोचा. तुमच्या शिकवणीप्रमाणे मी तो काय खातोय ते बघत राहिले. बाई, त्याला शिकार करावीच लागत नव्हती. मासे आपणहून वर आलेले, तोंडं उघडी टाकून, श्वासासाठी. पाण्यात हवाच उरलेली नव्हती. करकोचा पंगतीत बसल्यासारखा एका जागी उभा राहून एकेक उचलत होता, आणि बाजूला बगळ्यांची दुसरी पंगत. एवढं सोपं जेवण कोण सोडेल? तो इथे का थांबला, याचं उत्तर त्याच्या चोचीतच होतं आणि वीसेक दुर्बिणी त्या चोचीवर रोखलेल्या होत्या.

मी ग्रुपवर लिहिलं की पक्षी इथे का थांबलाय ते बघा, मासे गुदमरून वर येतायत. एकाने उत्तर दिलं, "पण काकू, शॉट्स काय कडक मिळतायत ना." मग ग्रुपचे प्रमुख, बँकेतून निवृत्त झालेले अतिशय सभ्य गृहस्थ, यांनी लिहिलं, "ताई, हा ग्रुप फक्त पक्ष्यांसाठी आहे. कृपया राजकारण नको." आणि माझा संदेश पुसून टाकला. मासा हे राजकारण असतं, ते मला माहीत नव्हतं. करकोच्याच्या पोटात गेला की बहुधा निसर्ग होतो.

पुढच्याच आठवड्यात एका कारखान्याने दारावर फलक लावला. करकोचा, आणि खाली ‘आमचे सन्माननीय पाहुणे’. फोटो आमच्याच ग्रुपमधला. कोपऱ्यात आपलं नाव बारीक अक्षरात छापलं म्हणून फोटो काढणाऱ्याने सगळ्यांना पेढ्यांचं चित्र पाठवलं. आणि प्रदूषण मंडळातली सुनावणी तोंडावर आलेली. तुमच्यामागे तो अर्ज मी माझ्या नावाने पुन्हा केलेला, दरवेळी पुढची तारीख घेऊन घरी यायची सवय झालेली. या वेळी मात्र अर्ज ठेवायचा की निकाली काढायचा, ते ठरणार होतं. मला माशांचा फोटो हवा होता. माझ्या फोनमध्ये नुसतं करडं पाणी आलेलं. बाळकुमच्या गृहस्थांना फोन केला. ते म्हणाले, "मॅडम, खालचं ते सगळं मी क्रॉप केलं हो. फार घाण दिसत होतं. ओरिजिनल ठेवत नाही मी."

सुनावणीला मी आणि आमच्या सोसायटीतल्या दोघी. मंडळाचे साहेब चांगला माणूस, बसा म्हणाले, पंखा वाढवला. कारखान्याच्या माणसाने करकोच्याचे फोटो टेबलावर पत्त्यांसारखे मांडले. "मॅडम, तुमच्याच ग्रुपचे आहेत. पाणी विषारी असतं तर एवढा दुर्मिळ पक्षी आला असता का?"

मी म्हटलं, "तो आला, कारण मासे मरतायत."

"म्हणजे मासे आहेत ना?" तो म्हणाला, आणि साहेबांकडे वळला. "सर, नाल्यात मासे आहेत हे मॅडम स्वतःच सांगतायत. लिहून घ्या."

साहेब हसले. माझ्या बरोबरच्या दोघींपैकी एकीलाही हसू आलं, तिने ते पदरात दाबलं. मग चहा आला, उघड्या कपातून. अर्ज निकाली निघाला, बाई. तुम्ही केलेला आणि मी रेटलेला. कारण म्हणून लिहिलंय की परिसरात जैवविविधता आढळते.

राग तुमच्यावरही आहे, तो तरी का लपवू? तुम्ही आम्हाला बघायला शिकवलंत. बघितलेलं दुसऱ्याच्या गळी कसं उतरवायचं, ते शिकवलं नाहीत. बहुधा तुम्हालाही येत नव्हतं. येत असतं तर खिडकीला कागद चिकटवत बसला नसतात. रविवारच्या आम्हा सहा मुलींपैकी चौघी परदेशात आहेत, तिथल्या स्वच्छ तळ्यांवरचे हंस मला पाठवतात. मी इथे राहिले, आणि इथे राहून एका पक्ष्याकडून हरले.

मासे संपले तसा करकोचाही गेला. ग्रुपवर हळहळ झाली. एकीने लिहिलं, "आपल्याकडचं हवामान मानवलं नसेल." त्यावर हात जोडलेली चित्रं.

हे पत्र टाकायचं म्हटलं तरी कुठे टाकणार? तुमच्या चाळीच्या जागी आता टॉवरचं पार्किंग आहे, तुमचं स्वयंपाकघर होतं तिथे कुणाचीतरी पांढरी गाडी उभी असते. पावसात खाडीतून मासे पुन्हा नाल्यात चढतील. थंडीत पाणी उतरेल, कारखाने आपलं काम करतील, मासे वर येऊन तोंडं उघडतील. तसं झालं तरच तो येईल, नाहीतर त्याला इथे काय ठेवलंय? हे सगळं मला नीट कळतं, आणि तरी तो यावा असं वाटतं. पत्र जाणार नाही तेच बरं. हे मला तुमच्या तोंडावर सांगता आलं नसतं.