बाळासाठी धरलेली जागा

सोमवार
सगळ्यांच्या आधी टपकल्या त्या विहीणबाई, नातजावयाची आई, माझी ट्रंक अजून दारातच होती. नातीचं पोट बघून म्हणाल्या मुलगाच, आणि लगेच स्वतःच्या गुडघेदुखीवर घसरल्या. मी आले नातीच्या बाळंतपणाला आणि ऐकतेय काय, तर गुडघे. पण घर छान आहे, मला उजेडाची खोली दिलीय. दाराशी एक बोलकी डबी आहे. आत येताना आपलं बटण दाबायचं, ती सांगते कोण आलं. माझ्या बटणाला म्हणते, ‘आजी आली.’ मी उगाच आतबाहेर करत बसले. नातजावई म्हणाला, आजी, डबीचा घसा बसेल.

मंगळवार
एक बटण बाळाचं आहे. डबीला नातीनेच शिकवलंय, यंत्राच्या भाषेत लिहायचं हेच तिचं पोटापाण्याचं काम. म्हणाली, नाव ठरलं नाही, नुसती जागा धरून ठेवलीय. खुर्चीवर रुमाल टाकतो तसं, मी म्हटलं. लाडाने बटण दाबलं. डबी म्हणाली, ‘पिंट्या आला.’
नात हसली. डबी जुनी घेतलेली, आतली बॅटरी कधी निघालीच नाही, म्हणून आधीच्या घरचं नाव आत तसंच. जागा धरली, पण पुसायची राहिली. म्हणाली, आजी, रुमाल टाकला, खाली कुणी बसलंय का ते बघितलंच नाही.

बुधवार
माझ्यादेखत तिने ती जागा पुसली, सगळी शून्यं भरली. बटण दाबलं. ‘पिंट्या येतोय.’
नात म्हणाली, हे मी लिहिलेलं नाही.

शुक्रवार
डबी जिथून घेतली त्या दुकानातून पत्ता काढून एक जोडपं आलं. डबी त्यांची होती. पिंट्या त्यांचा मुलगा, पाण्यात बुडून गेला. नात कळवळून म्हणाली, डबी घेऊन जा. डबी नको म्हणाले. दोघंही तिच्या पोटाकडे बघत होते. बाई मऊपणे म्हणाली, जप हं पोरी, तो फार हट्टी आहे.

शनिवार
बॅटरी काढून टाकली. तरी दाराशी डबीचं बोलणं चालूच—
नात पोटावर हात फिरवत पिंट्या म्हणते. विचारलं तर म्हणे, मी कुठे म्हटलं? नातजावयाला सांगितलं. म्हणतो, तुम्ही दमलाय आजी.

रविवार
ती दोघं परत. मी दार लावायला धावले, तर नातीनेच उघडलं— हसत. पिंट्याचे शाळेचे कपडे आणलेत, इस्त्री केलेले.
बाईचा आवाज आला की नातीच्या पोटात पाय—
मी म्हटलं, बाळ आमचं आहे. पिंट्याचा बाप म्हणाला, जागा तुमचीच, आजी. कोण नाही म्हणतंय?
दवाखान्याने बाळंतपणाला गुरुवार दिलाय. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. जाताना म्हणाले, न्यायला येतो, गुरुवारी, तुम्ही फक्त त्याला—