परराज्यातल्या पोरांची यादी

३ फेब्रु., सोमवार
डोस्कं फिरलंय. सकाळी अंगणवाडीत खिचडी उतरवत होतो तवर आनंदा भाऊजी आले. धाकटे दीर, आणि हल्ली ग्रा.पं. मेंबर, म्हणजे विचारायलाच नको. दारातनंच पोरं मोजली. "वैनी, ह्यातली आपली किती आन् भाईरची किती?" म्हटलं, सगळी आतच बसल्यात की. हसले न्हाईत. काल टीव्हीवर बघितलं म्हणे, परप्रांतीयांमुळं सरकारच्या तिजोरीवर केवढा भार पडतोय. दोघं टायवाले भांडत होते आणि ह्यांना पटलं. म्हटलं, "फौंड्रीत भट्टीपुढं कोण उभं हाय मग? तुमी?" गेले तणतणत.

पंचायत आपल्या पैशातनं पोरांना आठवड्यातनं तीनदा अंडं देती. तिजोरी म्हणजे तेवढीच दिसती ह्यांना.

५ फेब्रु., बुधवार
अंड्याचा दिवस. मदतनीस शांताक्का लिंगायत, अंड्याला शिवत न्हाय. न खाणाऱ्या पोरांना ती केळी देती, अंडी मी सोलतो. रोशनी ताटली घेऊन पहिली उभी. चार वर्षांची, बाप बिहारचा, फौंड्रीत. गेल्या पावसाळ्यात दाखल झाली तेव्हा वजन तक्त्यातल्या रेघेच्या पार खाली. आता रेघेला टेकायला आलंय. अजून दोन-तीन महिने नीट खाल्लं की वर येतंय. हे एवढं एक काम माझ्या हातनं बरं झालंय ह्या वर्षात.

७ फेब्रु., शुक्रवार
ग्रामसभा, देवळापुढं. भाऊजींनी विषय काढलाच. पंचायतीचं अंडं-केळं फक्त आपल्या पोरांना. कुणीतरी विचारलं, आपलं कोण हे ठरवायचं कसं? आधारवर पत्ता त्यांचाबी इथलाच हाय. तर भाऊजी म्हणाले, जन्मदाखला बघा. महाराष्ट्रातला असंल तर आपलं, परराज्यातला असंल तर नाव कट. सगळ्यांचे हात वर. बायांचे पण.

उठून बोललो. ह्यांच्या खोलीभाड्यावर तुमी गाड्या घेतल्या. साबण-तेलाच्या पुडीवर ती माणसं कर भरत्यात, तो कुटल्या तिजोरीत जातोय? भाऊजी म्हणाले, "वैनी, सरकारी मानसानं राजकारन बोलू नये." पगार मागायला मोर्चात गेलतो तेव्हा म्हणत होते तुमी सरकारी न्हाय, मानधनवाल्या.

यादी मीच करायची. सोमवारपर्यंत.

१० फेब्रु., सोमवार
दाखल्यांची फाईल घेऊन बसलो. आधी रोशनीचा काढला. भीत भीतच. जन्मठिकाण कोल्हापूर, सरकारी दवाखाना. तिची आई बबीता म्हणती ते खरं, नवव्या महिन्यात दोन दिवसांची रेल्वे कोण करणार. हुश्श झालं.

मग बाकीचे बघत गेलो आणि हसूच फुटलं. भाऊजींचा नातू शौर्य, जन्म निपाणी. पाटलांची जुळी, चिकोडी. सरपंचांची नात, निपाणी. पहिलं बाळंतपण माहेरात, आणि गावातल्या निम्म्या सुना कर्नाटकातल्या. एवढी माणसं हात वर करून बसलेली, एकाच्या डोक्यात आलं न्हाय. यादीत अकरा नावं. त्यात फौंड्रीतल्यांची दोनच, ती दोघं तिकडं बिहारात जन्मलेली. त्यांची नावं लिहिताना पेन अडलं. लिहिली.

१२ फेब्रु., बुधवार
यादी मोठ्या अक्षरात दाराला चिकटवली. वर 'परराज्यातली पोरं'. पहिलं नाव शौर्यचं, मुद्दाम. अंडी वाटली, यादीतल्यांना न्हाय. शौर्यनं रडून अंगणवाडी डोक्यावर घेतली. फौंड्रीतली दोघं रडली न्हाईत, ताटली पुढं ठेवून गप बसली. ते बघवंना. पण म्हटलं एका दिवसाचा प्रश्न हाय.

अर्ध्या तासात भाऊजी हजर. "वैनी, ही आपली पोरं हायत. आमी कुनाबद्दल बोलतोय ते तुमाला कळतंय की."
म्हटलं, "कळतंय. तेच लिवा ठरावात, खाली सही करा. मी वाचून दाखवतो." लिवलं न्हाय. जाऊ माझ्याशी बोलत न्हाय. न बोलू दे.

१३ फेब्रु., गुरुवार
पंचायतीचा शिपाई येऊन सांगून गेला, ठराव तूर्त बाजूला, सगळ्यांना द्या. तोंडीच. पुढच्या सभेला शब्द बदलून आणणार म्हणे. आणू देत. यादी फाडून चुलीत घातली. शांताक्काला चहा पाजला. ती म्हणाली, "बाई, जिरवलीस." लई बरं वाटलं.

१४ फेब्रु., शुक्रवार
अंड्याचा दिवस. रोशनी आली न्हाय. ती दोघंबी न्हाईत. फौंड्रीच्या चाळीतलं एकही पोर न्हाय. अंडी उरली. शौर्यनं दोन खाल्ली.

ताप-बिप असंल सगळ्यांना.

१७ फेब्रु., सोमवार
आजपण न्हाय. अंडं डब्यात घातलं आणि चाळीत गेलो. बबीता भांडी घासत होती. रोशनी तिच्या पाठीमागं, मला बघून पुढं आली न्हाय. म्हटलं, अगं ठराव गेला, यादी फाडली, पोरीला पाठव. वजन परत उतरंल.

बबीता म्हणाली, "दरवाजे पे लिखा था ना, बाई. हमने पढ़ा."
म्हटलं, तुझ्या पोरीचं नाव त्यात नव्हतंच. ती इथलीच हाय, दाखला हाय तिचा.
"आज नहीं था. कल होगा." मग हातातलं भांडं खाली ठेवून, "लिखाई आपकी थी. रोशनी की कॉपी में आप ही लिखती हैं, हम पहचानते हैं."

भाऊजींना दाखवायचं होतं, त्यांची जिरवायची होती, असलं काहीतरी सांगायला गेलो. माझंच मला ऐकवंना. राग आला. भाऊजींचा न्हाय. अंडं घेतलं न्हाय तिनं, मी परत आणलं.

शांताक्का विचारत होती, परवा बुधवारी अंडी किती उकडायची. अजून सांगितलं न्हाय.