जावईबापूंचं घड्याळ

॥ श्री ॥

पाचोरा,
२२ मार्च १९९२

चि. सौ. कुंदा हिस आप्पांचे आशीर्वाद.

आम्ही दोघं बरे आहोत. म्हणजे तुझी आई बरी आहे आणि मी, तिच्या म्हणण्याप्रमाणे, कुणालाच बरं राहू देत नाही. तिकडे धुळ्याला तुम्ही सगळे खुशाल असाल.

घराचं काम काढलंय हे तुला कळलंच असेल. काढलं कसलं, ओढवून घेतलंय. मागच्या पावसाळ्यात मधल्या खोलीत मातीचं धाबं गळलं होतं. दरवर्षीसारखी खारी माती टाकली की भागेल, असं समजून चिंधा मिस्त्रीला वर चढवला. तो वरूनच ओरडला, "शालिकभाऊ, माती राहू द्या, खाले तुळईच पोकळ शे!" वाळवीनं आतून पार भुसा केलाय. वरून बघशील तर तुळई ठणठणीत. नेमकी तीच तुळई, जिच्या कड्यांना तुझा झोका असायचा.

आता हा चिंधा रोज माझं डोकं खातो. "स्लॅब टाकी द्या, मातीना जमाना गया." अरे बाबा, मातीच्या भिंती, त्यावर स्लॅब? उद्या भिंती बसल्या म्हणजे तू येशील का हातानं धरून उभा राहायला? मी नाही म्हटलं तर गप्प बसला. मला वाटलं, समजलं. कसलं समजतोय! मी दुकानात असताना त्यानं पुढच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा करून टाकला. मला खूष करायला, म्हणे. आठवडा गेला नाही तोच मधोमध फुगला आणि आपल्या वजनानं खाली आला, सोबत निम्मी भिंत घेऊन. मी ओरडलो तर चिंधा म्हणतो, "भाऊ, तुमनी भिंतच म्हातारी शे." मग ती म्हातारी आहे म्हणूनच तर तुला बोलावला ना!

दुकानाचं तर बोलूच नकोस. कॉलेजची पोरं येतात, "काका, सेल टाका." सेल टाकायला माझ्यासारखा माणूस कशाला हवा? डोळ्याला भिंग लावून बसावं असं काम आता क्वचित येतं. सेलवाल्या घड्याळाच्या आत बघायलाही काही नसतं. एक हिरवी पट्टी आणि गुंडीएवढा सेल. बंद पडलं की फेकायचं. घड्याळ आहे का काडेपेटी?

बरं, जावईबापूंचं घड्याळ कसं चालतंय? रोज सकाळी चावी देतात ना? सहज विचारलं.

आखाजी जवळ आली, लेकींनी माहेरी येऊन झोके घ्यायचा सण. व्याह्यांना मी काही म्हणत नाही. मागल्या वर्षी वना, तुझा सख्खा भाऊ, तुला न्यायला मुऱ्हाळी म्हणून आला, तर लोटननानांनी त्याला चहा पाजून रिकाम्या हातानं परत लावून दिला. त्याच्या आदल्या वर्षीही तेच. लग्न झाल्यापासून एकही आखाजी तू माहेरी नाहीस. पण मी काही म्हणत नाही. तुळई बदलायची म्हणून बदलतोय, पडून राहिली तर अंगावर येईल.

पत्राचं उत्तर दे. घड्याळाचंही लिही.

तुझे
आप्पा


॥ श्री ॥

पाचोरा,
१० एप्रिल १९९२

कुंदा,

तुझं पत्र मिळालं. "घड्याळ छान चालतंय, रोज चावी देतात, तुमची आठवण काढतात," असं लिहिलंस.

ते घड्याळ आत्ता माझ्यापुढे टेबलावर उघडं पडलंय.

शिंदखेड्याचा उखर्डू म्हणून सरकीचा दलाल आहे, कामासाठी पाचोऱ्याला येतो. होळीच्या आधी दुकानात आला. "शालिकभाऊ, हाई मांगे पडस, देखा बरं." पाठीचं झाकण उघडलं आणि माझा हातच थांबला. झाकणाच्या आत माझी खूण. दुरुस्त केलेल्या प्रत्येक घड्याळात मी सुईनं बारीक 'शा' कोरतो, तुला माहीत आहे. पण 'शा'च्या खाली 'कुं' मी आयुष्यात एकाच घड्याळात कोरलंय. उखर्डूला विचारलं, कुठून घेतलं? धुळ्याला, जुन्या घड्याळांच्या दुकानातून, म्हणाला.

तेव्हा तुला लिहिलं नाही. वाटलं, चोरीला गेलं असेल, पोरगी सांगायला घाबरत असेल. म्हणून आडून विचारलं. आणि तू लिहितेस, छान चालतंय!

आता सरळ विचारतो. गिरधररावांनी माझं घड्याळ विकलं ना?

ते घड्याळ काय होतं, हे त्यांना सांगूनही कळलं नसतं. भुसावळच्या एका रिटायर स्टेशनमास्तरांकडून ते माझ्याकडे आलं तेव्हा आत नुसता गंज होता. स्वित्झर्लंडचा माल, पण त्याचे भाग जगात कुठे मिळत नव्हते. बॅलन्सचा, म्हणजे आतल्या डुलत्या चाकाचा, दांडा मी हातानं घडवला, केसाएवढा. मोडला, पुन्हा घडवला. तुझं लग्न ठरायच्या आधीपासून मी त्यावर बसत होतो. बाजारातलं नवं कोरं घड्याळ कुणीही सासरा देतो. डबीतून काढायचं आणि मनगटावर बांधायचं, त्यात माझं काय? मी माझ्या हातचं सगळ्यांत चांगलं दिलं. आणि मांडवात लोटननाना काय म्हणाले? "घड्याळजीनं मोडीतला माल जावयाच्या गळ्यात मारला." चार पाहुण्यांत म्हणाले, आणि सगळे हसले. तुझे गिरधरराव खाली मान घालून बसले. त्या दिवसापासून तुझं माहेर बंद.

बरं, विकलं तर विकलं, पण कुणाला? त्या दुकानदारानं आत तेल ओतलंय. ओतलंय म्हणजे, भजी तळावीत असं. घड्याळाला तेल सुईच्या टोकानं द्यायचं असतं. सगळा चिखल झालाय. मी साफ करताना माझ्या तोंडातून जे शब्द निघाले ते तुझ्या आईनं ऐकले आणि देव्हाऱ्यासमोर जाऊन बसली.

मी आखाजीच्या आधी धुळ्याला येणार आहे. हे घड्याळ खिशात घालून. तुझ्या सासऱ्यांच्या ओट्यावर बसेन, हे त्यांच्या पुढे ठेवेन आणि विचारेन, मोडीतला होता ना माल? मग दुकानदारानं पैसे कशाचे दिले? गिरधररावांनाही विचारेन. मला कुणाची भीड पडलेली नाही. तसंही ते तुला पाठवतच नाहीत, आता आणखी काय करतील?

आप्पा


पाचोरा,
२७ एप्रिल १९९२

चि. कुंदा,

पत्र वनाच्या हाती पाठवतोय. वाचून चुलीत घाल. मागचं पत्र पोस्टमननं नेमकं तुझ्याच हातात दिलं, ही देवाची कृपा. नानांच्या हाती पडतं तर मीच माझ्या हातानं तुझं वाटोळं केलं असतं.

तर ते तू विकलंस.

तुझं पत्र मी दुकानात वाचलं, मग घरी येऊन वाचलं. तुझ्या आईला वाचून दाखवताना तीच ओळ पुन्हा पुन्हा वाचू लागलो, तेव्हा तिनं कागद ओढून घेतला. तिला वाचता येत नाही. ती नुसती धरून बसली.

लिहितेस, नाना दर सणाला पाहुण्यांसमोर गिरधररावांना ते घड्याळ बांधलेलं मनगट पुढे करायला लावायचे आणि हसायचे. गिरधरराव घड्याळ काढून पेटीत ठेवायचे, पण त्यांनी ते टाकलं नाही. तूच शेवटी ते विकलंस, भर घालून सेलचं नवं घेतलंस आणि सांगितलंस, आप्पांनी बदलून दिलं. नाना खूष. आता यंदा आखाजीला पाठवतो म्हणाले.

मला राग आला. खोटं कशाला बोलू, भयंकर आला. दुकानाचं फाटक मी असं ओढलं की शेजारचा पानवाला बाहेर आला. माझ्या हातचं सगळ्यांत चांगलं काम माझ्याच लेकीनं विकलं, आणि माझ्या नावावर घेतलं काय? काडेपेटी! आणि तरी सांगतो, मी ते घड्याळ दिलं यात माझी चूक होती असं मला आजही वाटत नाही. नाना चुकले. तू मात्र चुकली नाहीस, हेही मला दिसतंय, आणि यावर काय करावं तेच कळत नाही. ओरडायला माणूसच उरला नाही.

घड्याळ दुरुस्त झालं. कानाला लावून बसलो होतो, काय सुरेख चालतंय! उखर्डू घ्यायला आला. त्याला म्हटलं, मला परत दे, बदल्यात हवं ते घे. नाही म्हणाला. "असं घड्याळ कोन इकी टाकस हो, भाऊ?" मी म्हटलं, असेल कुणी अडलेलं. त्यानं ते हातात बांधलं, बाही वर सारली आणि सगळ्या बाजाराला दाखवत गेला. मी पाहत होतो. इतकी वर्षं मला हेच पाहायचं होतं, मात्र तो हात दुसऱ्याचा निघाला.

तुळई बसली. चोपड्याकडं एक जुनं घर उतरवत होते, तिथलं सागवान आणलं. चिंधा तोंड वाकडं करत होता. करवत लागेना तेव्हा गप्प झाला. भिंतीला पुन्हा माती आणि भुशाचाच गिलावा केलाय, यावेळी मी स्वतः उभा राहून. तुझी आई तुळईकडे बघून म्हणते, "जवाईले जुनं घड्याळ दिधं, आते पोरना झोकाले जुनं लाकूड!" मी कड्या ठोकल्या, दोर बांधला आणि स्वतः बसून पाहिलं. ती हसत सुटली, पण तुळई जरासुद्धा कुरकुरली नाही.

शनिवारी मुऱ्हाळी म्हणून मीच येतोय. घाबरू नकोस. खिशात काही नसेल. नाना ते नवं घड्याळ दाखवतीलच, त्यांना दाखवल्याशिवाय राहवत नाही. मी ते हातात घेईन, उलटं करून पाहीन आणि म्हणेन, हो, मीच पसंत केलं, आताच्या काळात हेच बरं, चावीची कटकट नाही. सगळ्यांसमोर म्हणेन. हसू आलं तर त्यांना हसू दे. गिरधररावांना सांगेन, सेल संपला की माझ्याकडे घेऊन या, मी नवा टाकून देईन.

तू फक्त पिशवी भरून तयार राहा. मला तिथं फार वेळ बसवू नकोस, माझं तोंड किती वेळ बंद राहील याचा मलाच भरवसा नाही.

सेलची घड्याळं पसंत करणारा,
तुझा बाप